गाइरांगरला आजी जहाजावरच थांबल्या : नॉर्वेच्या फ्योर्डमधल्या एका कौटुंबिक समुद्रप्रवासाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

साताऱ्याचं हे कुटुंब पाच जणांचं. आजी ७७ वर्षांच्या, माहेर रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचं. मुलगा बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, सून शाळेत शिक्षिका, नात कॉलेजात. आजींची मुलगी नाशिकला असते; पुढे तिचा उल्लेख नातीच्या नात्याने आत्या असाच येईल. ओळख पटू नये म्हणून गावं आणि वयं थोडी बदलली आहेत. प्रवास जूनच्या पहिल्या पंधरवड्यातला आहे. हे टिपण त्यांच्याशी परतल्यावर झालेल्या बोलण्यावरून आणि जहाजावर रोज रात्री खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रकांवरून तयार केलं. घरातल्या ज्येष्ठांना घेऊन असा प्रवास करू पाहणाऱ्यांना त्यातले निर्णय उपयोगी पडावेत, म्हणून ते तपशिलात लिहिलं आहे.

आजींच्या एका गुडघ्याचं प्रत्यारोपण झालेलं, दुसरा दुखरा. काठी घेऊन दोन-तीनशे पावलं चालायचं, मग बसायचं. कठडा असेल तर दहा-बारा पायऱ्या जमतात. रक्तदाबाची गोळी सुरू, बाकी तब्येत ठणठणीत. नॉर्वेचा विषय त्यांनीच काढला होता. टीव्हीवर कधीतरी पाहिलं होतं आणि ते मनात बसलं होतं. “डोंगराच्या पोटात समुद्र शिरतो म्हणतात, तो एकदा बघायचाय,” असं त्या म्हणायच्या.

पहिल्याच एजंटाने घाई लावली. २०२६ पासून फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांत, क्रूझ बंद होणार, आत्ताच पैसे भरा, असा त्याचा सूर होता. ही अर्धवट माहिती बऱ्याच ठिकाणी ऐकू येते, म्हणून नीट सांगतो. गाइरांगरफ्योर्ड आणि नॅरोयफ्योर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. या वारसा फ्योर्डमध्ये २०२६ पर्यंत फक्त शून्य उत्सर्जनाची जहाजं यावीत, असा ठराव नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये केला. पुढे नियम ठरला तो असा: १०,००० टनांखालच्या जहाजांना तो २०२६ पासून लागू, त्याहून मोठ्या जहाजांना २०३२ पासून. म्हणजे मोठ्या क्रूझ जहाजांचा प्रवेश २०२६ ला थांबणार नव्हता. मुलाने हे स्वतः तपासलं आणि त्या एजंटाला नकार कळवला. घाईतून सुटका झाली हा या प्रकरणातला पहिला चांगला निर्णय, कारण पुढचे सगळे विचार करायला त्यामुळे वेळ मिळाला.

अडचण

पाच माणसांच्या पाच इच्छा होत्या. नातीला स्टाव्हांगरजवळचा प्रेइकेस्टोलेनचा कडा चढायचा होता. मुलाला फ्लोमची डोंगरी रेल्वे पाहायची होती. सुनेला बर्गनची जुनी लाकडी व्यापारी पेठ आणि ओलेसुन शहर बघायचं होतं. आत्याला आठ दिवस स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नव्हतं. आजींची इच्छा वर आलीच आहे.

बसच्या सहलीत रोज पहाटे बॅगा बांधून नवं हॉटेल गाठावं लागतं. ते आजींना झेपणार नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. जहाजावर सामान एकदाच उघडायचं, खोली तीच, डॉक्टर जहाजावरच, स्वच्छतागृह चार पावलांवर. तेव्हा समुद्रप्रवास ठरल्यासारखाच होता. खरी अडचण नंतर दिसली आणि ती फ्योर्डच्या घडणीतूनच येते. हिमनद्यांनी लाखो वर्षं डोंगर खरवडून खोल दऱ्या केल्या आणि बर्फ हटल्यावर त्यांत समुद्र शिरला. सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि त्याची खोली १,३०० मीटरपर्यंत जाते. एवढं खोल पाणी थेट कड्याला भिडलेलं असल्यामुळे प्रचंड जहाजं डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊ शकतात. पण त्याच कारणाने सपाट किनारा कमी आणि मोठ्या जहाजांचे धक्केही कमी. काही ठिकाणी जहाज पाण्यातच थांबतं आणि प्रवाशांना टेंडर म्हणजे छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. ज्या जागेसाठी आजी निघाल्या होत्या, नेमकी तिथेच त्यांच्या गुडघ्याची परीक्षा होती. बुकिंगच्या वेळी हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

समोरचे पर्याय

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनहून सुटणारी जहाजं भरपूर आणि तुलनेने स्वस्त होती. भारतीय पासपोर्टवर मात्र त्यासाठी ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि नॉर्वेसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, वेगळा. पाच जणांचे दहा अर्ज. तिकिटातली बचत तिथेच संपत होती.

दुसरा पर्याय बर्गन ते किर्केनेस या किनारी जहाजसेवेचा. १८९३ पासून चालत आलेली ही सेवा टपाल, माल आणि गावकरी घेऊन चौतीस बंदरं करते. जाऊन-येऊन बारा दिवस लागतात. मला स्वतःला हा प्रवास सर्वांत अस्सल वाटतो, कारण त्यात नॉर्वेचं रोजचं जगणं दिसतं. पण बरीच बंदरं अपरात्री येतात, कित्येक ठिकाणी थांबा जेमतेम अर्ध्या तासाचा असतो, आणि वेगळ्या चवीच्या जेवणाची सोय मर्यादित. सून पूर्ण शाकाहारी, म्हणून तिचा जीव त्यात रमेना.

तिसरा पर्याय बर्गनमध्ये मुक्काम ठोकून रेल्वे आणि बोटीने फ्योर्ड पाहण्याचा. नॅरोयफ्योर्डमध्ये आता पूर्ण विजेवर चालणारी शांत प्रवासी बोट आहे, आणि जागतिक वारशाच्या पाण्यात फिरायचं तर तीच योग्य, असं नातीचं ठाम म्हणणं. तिचं म्हणणं बरोबर होतं. पण त्यात रेल्वे, बोट, बस, पुन्हा रेल्वे अशा चढउतारांचा अख्खा दिवस जातो. आजींच्या बाबतीत तो दिवस फक्त चढउताराचाच झाला असता.

चौथा पर्याय हॅम्बुर्गहून सुटणारं मोठं जहाज. आठ रात्री, बर्गन, गाइरांगर, ओलेसुन, फ्लोम, स्टाव्हांगर. जर्मनी आणि नॉर्वे दोन्ही शेंगेनमध्ये, त्यामुळे एकच व्हिसा पुरे. त्याच कंपनीची थोडी स्वस्त फेरी ऑर्कनी बेटांवरच्या कर्कवॉललाही जाणारी होती. पाहायला सुंदर जागा, पण ती ब्रिटनमध्ये. तिथे थांबायचं तर ब्रिटनचा व्हिसा हवा, शिवाय शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत यायचं म्हणजे एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा. नकाशावर ते एकच जास्तीचं बंदर दिसतं, पण भारतीय पासपोर्ट हातात असेल तर त्याने सगळी कागदपत्रं बदलतात. त्यांनी ती फेरी सोडली आणि फक्त नॉर्वेची बंदरं असलेली घेतली.

कागदपत्रं, खोली आणि महिना

व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा यावर आठवडाभर चर्चा झाली. नियम असा की जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. हॅम्बुर्गमध्ये जाताना दोन आणि येताना एक रात्र होती, नॉर्वेच्या बंदरांत पाच दिवस. त्यामुळे अर्ज नॉर्वेकडे, मुंबईच्या केंद्रातून. अर्ज निघण्याआधी सहा महिन्यांपेक्षा लवकर करता येत नाही आणि पंधरा दिवसांच्या आत आला तर स्वीकारलाच जाईल याची खात्री नसते. यांनी तीन महिने आधी केला. मोठ्या माणसाचं शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा. आत्याने त्याहून मोठ्या रकमेचा विमा घ्यायला लावला. आजींचा रक्तदाब आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया तिने अर्जात लिहून दिली आणि समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, हे लेखी विचारून घेतलं.

महिन्याबाबत सुनेची सुट्टी आड येत होती. ऑगस्टमध्ये दर उतरतात, पण तोवर डोंगरावरचं बर्फ बरंचसं वितळून धबधबे बारीक झालेले असतात. मेअखेर ते जून हा धबधब्यांचा खरा काळ. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शाळाही बंद. तो महिना अचूक निवडला गेला.

खोलीचा निर्णय मला या प्रकरणात फार आवडला. सगळ्यांना बाल्कनीच्या खोल्या परवडत नव्हत्या. त्यांनी एकच बाल्कनीची खोली घेतली, आजी आणि आत्यासाठी, जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर, म्हणजे उत्तर समुद्रात हेलकावे कमी लागतात. बाकी तिघे खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत. बाल्कनी डावीकडे हवी की उजवीकडे, यावर लोक उगाच डोकं शिणवतात. गाइरांगरला जहाज ज्या वाटेने आत जातं त्याच वाटेने बाहेर येतं, त्यामुळे दोन्ही काठ दिसतातच.

खाऊचं सांगायचं तर चिवडा, थेपले, शेंगदाण्याची चटणी गेली. कंदी पेढे मात्र घरी राहिले. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात सामानातून नेता येत नाहीत, आणि साताऱ्याच्या माणसाला हे पटवून द्यायला वेळ लागतो.

बर्गन : चांगला दिवस आणि सुजलेला गुडघा

हॅम्बुर्ग सोडल्यावर एल्ब नदीतून समुद्राला लागेपर्यंत संध्याकाळ गेली, पुढचा पूर्ण दिवस पाण्यावर गेला आणि तिसऱ्या सकाळी बर्गन आलं. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस इथे पाऊस असतो, त्या दिवशीही होता.

हॅम्बुर्ग, ल्युबेक, बर्गन ही सगळी हान्सा या व्यापारी संघाच्या जाळ्यातली शहरं. चौदाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन व्यापाऱ्यांनी बर्गनला आपली पेढी थाटली आणि ती १७५४ पर्यंत चालली. उत्तरेकडून सुकवलेला कॉड मासा यायचा, बदल्यात धान्य जायचं. धक्क्यालगतची ब्रिग्गेनची लाकडी घरं १७०२ च्या आगीत जळाली आणि जुन्याच आखणीवर पुन्हा उभी राहिली. १९७९ पासून ती जागतिक वारसा आहेत. आगीच्या भीतीने राहत्या घरांत चूल पेटवायला मनाई होती, स्वयंपाक आणि एकत्र बसण्याच्या जागा मागे वेगळ्या असत. सुनेने हे सगळं वाचून ठेवलं होतं आणि ती सासूबाईंना सांगत होती. आजींनी सुकवलेल्या कॉडचा वास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्या खळ्यात वाळत घातलेल्या बोंबलांसारखंच की! फक्त मासा मोठा.” मीठ न लावता नुसत्या वाऱ्यावर सुकवायचं, हे त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या घरातच त्या वाढल्या होत्या.

त्या उत्साहात चालणं जास्त झालं. ब्रिग्गेनच्या घरांमधल्या बोळांत लाकडी फळ्या आहेत, कुठे खाली दबलेल्या, कुठे वर आलेल्या, आणि पावसाने निसरड्या. १९१८ पासून चालणाऱ्या फ्लोयबानेन या दोरखेच रेल्वेने डोंगरावर जायला काही त्रास झाला नाही. सुमारे ३२० मीटर उंचीवर काही मिनिटांत पोचता येतं. पण धक्क्यावर परत येईतो आजींचा दुखरा गुडघा सुजला होता. पुढच्या दिवसाचा निर्णय या सुजेने घडवला.

गाइरांगर : ज्या निर्णयात आजी नव्हत्या

रात्रीच्या पत्रकात छापलं होतं: उद्या जहाज पाण्यातच थांबेल, किनाऱ्यावर जायला टेंडर. गाइरांगरला एक तरंगता धक्का आहे, त्यावरून थेट चालत उतरता येतं. पण तो एका वेळी एकाच जहाजाला मिळतो आणि त्या दिवशी दुसऱ्या जहाजाला दिलेला होता. मुलगा स्वागतकक्षात गेला. उत्तर स्पष्ट होतं: टेंडरमध्ये प्रवाशाला स्वतःच्या पायाने पाऊल टाकता आलं पाहिजे, कर्मचारी हाताला धरतील, उचलून नेणार नाहीत, व्हीलचेअर त्यातून जाणार नाही.

जेवणाच्या टेबलावर चौघांनी ठरवलं: आई थांबेल, आत्या तिच्याजवळ थांबेल, तिघं जाऊन येतील. आजी त्या वेळी खोलीत गुडघ्याला शेक घेत होत्या. सकाळी त्यांना सांगितलं. त्या “बरं” म्हणाल्या.

त्याआधीची पहाट मात्र सगळ्यांची एकत्र होती, आणि फ्योर्डचा प्रवास त्याच तासांसाठी करायचा असतो असं माझं मत आहे. जूनमध्ये इथे अंधार असा पडतच नाही. पाच वाजल्यापासून पाचही जण शाली-जर्किनं घालून बाल्कनीत दाटीवाटीने बसले होते. गाइरांगरफ्योर्ड पंधरा किलोमीटरचा. त्याच्या तोंडाशी जहाज वळलं आणि दोन्ही बाजूंचे कडे जवळ आले. सात बहिणी नावाचा धबधबा कड्यावरून सुमारे अडीचशे मीटर सरळ खाली येतो, समोरच्या काठावर त्यांना मागणी घालणारा नवरदेव नावाचा एकटा धबधबा. बर्फ वितळण्याचा काळ असल्यामुळे सगळ्या धारा भरून वाहत होत्या. कड्याच्या अरुंद टप्प्यांवर जुनी, सोडून दिलेली शेतघरं दिसत होती. मुलाने आजींना ओकेर्नेसच्या डोंगराबद्दल सांगितलं: याच फ्योर्डच्या वाटेवर डोंगराला मोठी भेग आहे आणि तिच्यावर अहोरात्र यंत्रांची नजर असते. शेजारच्या ताफ्योर्डमध्ये १९३४ साली कडा कोसळून उठलेल्या लाटेत चाळीस माणसं गेली होती. आजींनी हात जोडले. फार कुणी बोललं नाही.

नंतर तिघं टेंडरने गेले. जहाजाच्या सहलीतून दाल्सनिब्बाला जायचं होतं. सुमारे १,५०० मीटर उंचीवरची ती जागा, रस्त्यालगत अजून बर्फाच्या भिंती. वर पोचले तेव्हा धुक्यात हात दिसत नव्हता. खाली उतरताना फ्लीडाल्सयुवेतच्या कड्यावरून मात्र फ्योर्ड लख्ख दिसला, आणि त्यात उभं असलेलं त्यांचं जहाजही.

आजी दुपारभर डेकवर होत्या. तिथून टेंडरचं दार दिसत होतं. काठी घेतलेले, त्यांच्याहून थकलेले लोक कर्मचाऱ्यांचा हात धरून त्या बोटीत पाऊल टाकताना त्यांनी पाहिले. फ्योर्डमधलं पाणी त्या दिवशी अगदी शांत होतं. संध्याकाळी तिघं आल्यावर त्या फारशा बोलल्या नाहीत. थकल्या असतील, असं सगळ्यांनी धरून चाललं.

ओलेसुन : बोलणं झालं

दुसऱ्या दिवशी ओलेसुन. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री या गावाला आग लागली आणि सुमारे दहा हजार माणसं उघड्यावर आली. पुढच्या तीन-चार वर्षांत दगडविटांचं नवं शहर उभं राहिलं, सगळं त्या काळच्या आर नूवो शैलीत, मनोरे आणि वेलबुट्ट्यांसकट. एवढ्या मोठ्या आपत्तीतून एवढं देखणं शहर उभं राहणं विरळा. आक्सला टेकडीवर जायला ४१८ पायऱ्या आहेत, पण रस्ताही आहे. टॅक्सी करून पाचही जण वर गेले.

तिथल्या बाकावर आजींनी विषय काढला. “काल मला कुणी विचारलं का? तुम्ही आपलं ठरवून मोकळे झालात.” मुलगा म्हणाला, “आई, तुझा गुडघा सुजला होता.” त्यावर त्या म्हणाल्या, “गुडघा माझाच आहे ना? मी तिथवर येऊन बघितलं असतं. नसतं जमलं तर मीच म्हटलं असतं, की जा तुम्ही.” आत्या रडली. ती दिवसभर आईजवळ बसली होती आणि तिलाही हे कळलं नव्हतं.

हे बोलणं पाच-दहा मिनिटांचं असेल, पण उरलेला प्रवास त्याने बदलला. त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवसाचं पत्रक आजींच्या खोलीत मोठ्याने वाचायचं ठरलं: जहाज धक्क्याला लागणार की पाण्यात थांबणार, चालायचं किती, पायऱ्या किती, बसायला जागा कुठे. आधी आजींनी आपलं सांगायचं, मग बाकीच्यांनी.

फ्लोम आणि स्टाव्हांगर : त्याच प्रश्नाची दुसरी उत्तरं

फ्लोमला जहाज धक्क्याला लागतं आणि रेल्वे स्थानक तिथेच आहे. इथे आणखी एक निर्णय होता, तिकीट जहाजाकडून घ्यायचं की स्वतः काढायचं. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं; स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी ते थांबेलच असं नाही. म्हणून बरेच जण सरसकट जहाजाच्याच सहली घेतात. या कुटुंबाने जागा पाहून ठरवलं. दाल्सनिब्बाचा घाटरस्ता लांबचा, अडकलं तर दुसरी वाट नाही. तिथे जहाजाची सहल. फ्लोमला स्थानकापासून धक्का चालत काही मिनिटांवर, आणि गाडीचं वेळापत्रक पक्कं. तिथे तिकिटं स्वतः काढली, आणि तीही दोन महिने आधी, कारण जहाजं येतात त्या दिवशी गाड्या भरून जातात.

वीस किलोमीटरचा हा रेल्वेमार्ग फ्योर्डच्या पाण्यालगत सुरू होतो आणि ८६६ मीटर उंचीवरच्या मिर्दालला पोचतो, वीस बोगद्यांतून. १९४० मध्ये तो सुरू झाला. बोगदे बहुतेक माणसांनी हातानं खोदलेले. दांत्यांची चाकं नाहीत, दोर नाही, साध्या रुळांवर एवढा चढ, याचं मुलाला केवढं कौतुक. डब्याची पायरी उंच वाटल्याने आत्या कचरत होती. आजी म्हणाल्या, “थांब, मी बघते,” आणि दांडा धरून चढल्या. क्योसफोसेनच्या धबधब्याशी गाडी थांबते तेव्हा त्या फलाटावर उतरल्याही.

स्टाव्हांगरला नातीच्या प्रेइकेस्टोलेनचा प्रश्न आला. ६०४ मीटरचा तो कडा. जायला १४.४ किलोमीटरचा समुद्राखालचा बोगदा झाल्यापासून वाट सोपी झाली आहे, पण चढउताराला चार तास आणि वर प्रवासाचा वेळ. जहाज बंदरात आठ तास. हिशेब बसत होता, पण जेमतेम. नातीने स्वतःच तो नाद सोडला आणि बोटीने ल्युसेफ्योर्डमधून कडा खालून पाहायचं ठरवलं. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, “डोंगर पुष्कळ बघितले. इथं मासे डब्यात भरायचा जुना कारखाना आहे म्हणालीस ना, तो दाखव.” जहाज जुन्या स्टाव्हांगरच्या पांढऱ्या लाकडी घरांना लागूनच उभं होतं. सून आणि आजी ते संग्रहालय बघायला गेल्या, बाकीचे ल्युसेफ्योर्डला. पुन्हा एकदा वाटा वेगळ्या झाल्या, पण या वेळी त्या आजींनी स्वतः निवडल्या होत्या.

निष्पत्ती

पाचही जण सुखरूप परतले. विम्याची गरज पडली नाही. गुडघ्याची सूज बर्गननंतर दोन दिवसांत उतरली. सुनेची जेवणाची काळजी फुकट गेली. पहिल्याच दिवशी सांगून ठेवल्याने रोज वरण, भात आणि एखादी भाजी मिळत होती. खर्च ठरवल्यापेक्षा थोडा वाढला, तो मुख्यतः टॅक्सी आणि किनाऱ्यावरच्या खाण्यामुळे; नॉर्वेत कॉफीचा कपही महाग वाटतो.

आजींना फ्योर्ड दिसला, आणि तो त्यांनी मनसोक्त पाहिला. गाइरांगरच्या मातीला पाय लागला नाही याची खंत त्यांना आहे आणि त्या ती लपवत नाहीत. त्या बोटीत त्यांना पाऊल टाकता आलं असतं की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मुलाला आजही वाटतं की सुजलेल्या गुडघ्याने ते धोक्याचं होतं. दोघांचंही म्हणणं मला समजतं.

वेगळं काय करता आलं असतं

बुकिंगच्या वेळी प्रत्येक बंदराबद्दल एक प्रश्न लेखी विचारायला हवा होता: धक्का की टेंडर? तरंगत्या धक्क्याचं वाटप बंदर करतं आणि ते बदलू शकतं, पण कंपनीला आपला क्रमांक लागला आहे की नाही हे बहुतेक वेळा आधी माहीत असतं. त्याच तारखांच्या आसपास, गाइरांगरला धक्का मिळालेली फेरी कदाचित निवडता आली असती.

बर्गनच्या दिवशी व्हीलचेअर घ्यायला हवी होती. जहाजावर ती मागून मिळते, पण आजींना ती कमीपणाची वाटेल असं घरच्यांनी परस्पर ठरवलं. त्या दिवशी चालणं निम्मं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी सूज नसती, आणि टेंडरचा प्रश्न वेगळ्या रीतीने समोर आला असता.

गाइरांगरच्या सकाळी घाई करण्याचं कारण नव्हतं. टेंडर दिवसभर फेऱ्या मारतात. दुपारची गर्दी ओसरल्यावर आजींना बोटीच्या दारापर्यंत नेऊन, फळी किती उंच, बोट किती हलते हे दाखवता आलं असतं. सहलीला गेलेले तिघंही तोवर परत आले असते. नातीची सूचना याहून साधी आहे: ठरवायच्या वेळी आजीला टेबलावर बोलवायचं, किंवा सगळ्यांनी तिच्या खोलीत जायचं.

किनारी जहाजसेवा निवडली असती तर हा प्रश्न आला नसता, असं आत्याला वाटतं. ते तितकंसं खरं नाही. उन्हाळ्यात त्या सेवेची जहाजं गाइरांगरमध्ये शिरतात तेव्हा तिथेही प्रवाशांना छोट्या बोटीनेच उतरवतात. बाकी बहुतेक बंदरांत ती धक्क्याला लागतात हे मात्र आजींच्या बाजूचं आहे. आत्या आता पुढच्या उन्हाळ्याचं वेळापत्रक काढून बसली आहे, आणि या वेळी ते आजींच्या हातात आहे.